मापाऱ्याचा हात

जानेफळच्या बाजारात दौलतबुवांनी चाळीस वर्षं लोकांचा माल तोलला, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांचा कुठल्याही तराजूवर विश्वास बसला नाही. तराजू धरणाऱ्यावर तर नाहीच नाही. ते स्वतः मापारी. म्हणजे शेतकऱ्याची ज्वारी आणि व्यापाऱ्याचं पोतं यांच्या मधे उभा राहणारा माणूस. अशा माणसाला दोन्हीकडून डोळे मारले जातात. "खरं सांगू का मास्तर," ते म्हणायचे, "माल कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलते तो माणूस. म्हून मालाले हात लावावा, माणसाचं ऐकू नाही."

मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. जिल्हा परिषद नवी होती आणि तिच्या शाळेवरचा मीही नवा मास्तर होतो. बुलढाण्याहून आणलेली माझी पत्र्याची पेटी गाडीवाला उतरवत होता. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, वाळका म्हातारा उठला. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. जवळ येऊन त्यानं विचारलं,

"काय हाये पेटीत?"

"पुस्तकं."

म्हाताऱ्यानं पेटीची एक कडी धरली, वीतभर उचलली आणि खाली ठेवली. "पुस्तकं हायेत. पण निस्ती पुस्तकं नाहीत. तळाले लोखंड हाये."

मी जरा घुश्श्यातच सांगितलं की नाही, पुस्तकंच आहेत. खोलीत जाऊन पेटी उघडली तर तळाशी आईनं मला न विचारता लोखंडी खलबत्ता घालून दिला होता. मी हसत हसत तो बाहेर आणून दाखवला. दौलतबुवा हसले नाहीत. "मास्तरले खलबत्ता कायले लागते?" एवढंच म्हणाले. पुढचे दोन महिने नवा मास्तर पेटीत लोखंड लपवून आणतो आणि विचारलं की नाही म्हणतो, ही बातमी गावात फिरत होती. तशी ती खोटी नव्हती.

त्यांचा हात म्हणजे एक नवल होतं. भोपळा उचलून ते शेर-अधपावात वजन सांगत. माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "दीड मणाले चार शेर कमी." मी पैज मारली आणि जिनिंगच्या मोठ्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. दीड मणाला चार शेर कमीच भरलो. तिथला माणूस आश्चर्यानं बघत राहिला, तर दौलतबुवा त्याच्या काट्याखाली वाकून कुठं काही अडकवलंय का ते पाहत होते.

जुने मापारी धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं चालतं. दौलतबुवांच्या जिभेवर ते इतकं बसलं होतं की विहिरीवरच्या बादल्या, ताटातल्या भाकरी, रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाड्या, सगळं लाभपासून सुरू होई. माझ्या वर्गातली पोरं पटावर किती आणि शाळेत किती, हेसुद्धा ते ओट्यावर बसून मोजत आणि संध्याकाळी मला सुनावत.

त्याच सुमाराला शेर-मण जाऊन किलो आला. दौलतबुवांनी एक बाजार नव्या वजनांनी तोलला आणि दुसऱ्या बाजारापासून घरी बसले.

"मास्तर, शेरातून काही चोरल्याबिगर किलो कसा बनंल?"

मी खडूनं ओट्यावर लिहून त्यांना पटवून दिलं, की किलो उलट शेराहून थोडा जास्तच भरतो. त्यांनी त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"म्हंजे सरकार जास्त देऊन राह्यलं?"

"हो."

"मंग तर यात नक्कीच काहीतरी हाये."

असा हा माणूस. त्याच्याशी गप्पा मारायच्या तर एक वेळ सांभाळावी लागे. सकाळी तोंड धुऊन झालं की ते ओट्यावर फडकं अंथरत. त्यावर पितळी डबी आणि सोनाराचा तळहाताएवढा काटा मांडत. एका पारड्यात तीन गुंजा टाकत, दुसऱ्यात डबीतली काळी गोळी. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघत. मग "लाभ" म्हणून गोळी तोंडात टाकत आणि वर वाटीभर दूध पीत. तसंच दिवेलागणीला. दोन्ही वेळेला त्यानंतरच्या तासाभरात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल पडत. त्या तासाभरात तुम्ही त्यांना नमस्कार केला तर ते नमस्काराचं कारण विचारत नसत.

ती गोळी अफूची. यात लपवण्यासारखं गावात कुणाला काही वाटत नव्हतं. वावरात जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला मोहरीएवढी चाटवून झोळीत निजवत, तो काळ फार मागं गेला नव्हता. तरुणपणी पोतं उचलताना दौलतबुवांच्या कमरेत उसण भरली. कुणीतरी दुधातून अफू दिली. कंबर बरी झाली आणि अफू राहिली. अशा म्हाताऱ्यांची सरकारात नोंद असे. डॉक्टरच्या दाखल्यावर कार्ड मिळे आणि कार्डावर मेहकरच्या सरकारी दुकानातून महिन्याचा ठरलेला माल. बुवांचे गुडघे गेल्यापासून तो माल त्यांचा मुलगा विष्णू आणायचा. सून गंगा तो सावलीत सुकवून तुपाच्या हातानं गोळ्या वळून ठेवायची, कारण बुवांची बोटं आताशा थरथरत. तोलताना मात्र थरथरत नसत.

एका वर्षी बुवा अंगणात पडले. फार लागलं नाही, पण विष्णू घाबरून त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथले डॉक्टर तेव्हा तरुण आणि उत्साही होते. त्यांनी तपासलं, पोट साफ होत नाही, जेवण तुटलंय, सगळं अफूमुळं आहे असं सांगितलं. शिवाय कार्डावरचा माल हळूहळू कमी होत जाणार अशी तालुक्याला बोलवा होतीच. एकदम तुटला तर म्हाताऱ्याचे हाल होतील. तेव्हा आतापासूनच थोडी थोडी कमी करत आणा, असं डॉक्टर म्हणाले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढं ते म्हणाले, "पण त्यांना सांगू नका. सांगितलं की त्यांचं मन मानणार नाही. नकळत करा."

विष्णू संध्याकाळी माझ्याकडे आला. चांगला माणूस. बापासमोर मान वर न करणारा.

"मास्तर, अफीम कमी कराव तर वजन कमी भरते. बाबा तोलल्याशिवाय खात नाहीत. काय कराव?"

मला त्या वेळी स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक होतं. मी म्हटलं, काथ मिसळायचा. रंग सारखाच, चव कडूतुरटच. दर पंधरवड्याला गोळीत पाव गुंज अफू कमी आणि त्या जागी पाव गुंज काथ जास्त. वजन तीन गुंजा ते तीन गुंजाच. बुवांचा काटाच त्यांना सांगेल की सगळं ठीक आहे. विष्णूला पावकीचा पाढा जमत नव्हता, म्हणून मी आखीव कागदावर तिथीवार तक्ता करून दिला. एक प्रत त्याला, एक माझ्याकडे. जन्मात पहिल्यांदा पावकी-निमकीचा असा उपयोग झाला म्हणून मी खूश होतो.

दारात गंगा उभी होती. ती म्हणाली, "मामाजीले सांगून द्या ना सरळ. त्याईच्या हाताले कळते."

"हाताला वजन कळतं, वहिनी," मी म्हणालो. "आणि वजन तर तेच राहणार आहे."

ती आत निघून गेली. दोन पुरुष एक कागद घेऊन बसलेले असले की बायकांचं कोण ऐकतं?

पहिला पंधरवडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या पंधरवड्यात एके सकाळी बुवांनी मला ओट्यावरून हाक मारली. काट्याची दोन्ही पारडी समान होती.

"वजन पाहा."

"बरोबर आहे."

"हाव, वजन बराबर हाये. माल बराबर नाही." त्यांनी गोळी माझ्या हातावर ठेवली. "पह्यले तीन गुंजाची गोळी एवढी नव्हती. ही फुगली. अन् बोटाले दाणा लागून राह्यला."

मी गोळी बोटात फिरवली. मला काही म्हणता काही कळलं नाही. तसंच मी सांगितलं, आणि ते खरं होतं. खोटं मी पुढं बोललो. म्हणालो, "हवा दमट आहे, बुवा. माल फुगत असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुंजांकडे पाहिलं. गुंजा जुन्या होऊन वाळल्या असतील, असं स्वतःशीच म्हणाले आणि गुराख्याला सांगून टेकडीवरून ओंजळभर नव्या गुंजा मागवल्या. त्यातून एकसारख्या तीन निवडायला त्यांना दोन दिवस लागले. तरी गोळी फुगलेलीच. मग त्यांनी काट्याच्या दोऱ्या बदलल्या. मग पारड्यांची अदलाबदल केली. चाळीस वर्षं ज्या हातानं गाव तोललं तो हातच खोटा पडतोय की काय, अशी शंका त्यांना यायला लागली, आणि मी रोज सकाळी शाळेत जाताना ते बघत होतो.

त्यांचे डोळे गळायला लागले. जांभया देता देता जबडा दुखे. पायात गोळे येत, झोप लागत नसे. दोन वेळचा तो सैल तास नाहीसा झाला. घरातली मिठाची बरणी ते तोलून ठेवू लागले. भाकरी तोलू लागले. विष्णूनं एकदा भीत भीत मला विचारलं, थांबावं का. तोवर ते तरुण डॉक्टर बदलून गेले होते. मी तक्ता काढून दाखवला आणि म्हणालो, "निम्म्यावर तर आलोय. आता कशाला थांबता?"

एका सुट्टीच्या दिवशी बुवा कोरा कागद घेऊन माझ्या खोलीत आले. "तालुक्याच्या साहेबाले अर्ज लिहा. मेहकरच्या दुकानातून येते त्या मालात काथ हाये."

मी हादरलो. "काथ कशावरून?"

"पान खाल्लं नाही काय मी कधी? जीभ हाये माह्यी." मग एकेक शब्द तोलून त्यांनी सांगितलं, "लिहा. वजनाबद्दल तक्रार नाही. मालाबद्दल हाये. गरीब मापारी हाये, पण हात खरा हाये."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला. त्यांनी अंगठा उठवला. टपालात टाकतो म्हणून मी तो ठेवून घेतला आणि पेटीत तळाशी टाकला. टपालात गेला असता तर दुकानातल्या निरपराध माणसावर बालंट आलं असतं, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे चौकशी झाली असती आणि माझ्या हातचा तक्ता सापडला असता, याची मला भीती होती.

त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की बुवा ओट्यावरून उठून उभे राहत. महिना गेला तेव्हा म्हणाले, "उत्तर येत नाही म्हंजे साहेब बी त्याईच्यातलाच."

संशय एकदा दुकानावरून साहेबावर गेला की घरात यायला वेळ लागत नाही. त्यांनी मनाशी ताडून पाहिलं. माल आणतो विष्णू, वळते गंगा. एका बाजाराच्या दिवशी ते ज्या दगडावर जन्मभर तोलायला उभे राहिले, त्या दगडावर चढले आणि भर बाजारात ओरडले, "ऐका बाप्पा हो! माह्या पोरगा मले मारून राह्यला! तोलून-मापून, थोडं थोडं मारून राह्यला!"

विष्णू कांद्याच्या ढिगापाशी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. लोकांनी बुवांना खाली उतरवलं.

त्या दिवशी गावानं ठरवून टाकलं की बुढ्याचं डोकं फिरलं. घरच्यांनी आधी त्यांना दर्ग्यावर नेलं. आमच्या भागात हिंदू काय, मुसलमान काय, डोक्याची तक्रार झाली की तिकडं नेतातच. दोन दिवस राहून आले. कसं होतं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "बरं होतं. तिथं कोनी मले समजावत नव्हतं, म्हून खोटं बी बोलत नव्हतं." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेची वेळ झाल्याचं आठवलं.

घरी आल्यावर पुन्हा तेच. मग कुणीतरी विष्णूच्या मनात नागपूर भरवलं. आमच्याकडे नुसतं 'नागपूरले न्या लागते' म्हटलं की पुढचं बोलावं लागत नाही, वेड्यांच्या इस्पितळाबद्दल चाललंय हे सगळ्यांना कळतं. त्यासाठी मुलाचा अर्ज, गावातल्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्या आणि डॉक्टरचा दाखला पाहिजे, असं तालुक्याहून कळलं. विष्णू माझ्याकडे आला तेव्हा रडत होता. मी त्याला म्हणालो, "आता तरी सांगून टाकू." तो म्हणाला, "आता कसं सांगू, मास्तर? बाजारात बाबांनी सांगतलं तेच खरं निघंल. मी बापाले फसवणारा ठरंन."

बाप वेडा ठरला तर मुलगा खोटा ठरत नव्हता. आणि मास्तरही नव्हता. हे त्यानं बोलून दाखवलं नाही आणि मीही नाही. तो अर्ज मी लिहिला. 'माझे वडील यांस संशयाचे वेड लागले असून, घरचे लोक त्यांच्या अफूत काथ मिसळतात, असा त्यांस भ्रम झाला आहे.' हे वाक्य माझं. खाली पहिली सही माझी. अनेक वर्षं झाली, पण त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

नवे डॉक्टर वयानं मोठे होते, सावकाश बोलणारे. विष्णू, गंगा आणि मी बुवांना घेऊन दवाखान्यात गेलो. बुवांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. कुठं नेताहेत हे त्यांना माहीत होतं. रस्त्यानं ते मला म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले. एक सांगा. येड्या माणसाले आपून येडे झालो हे कळते काय?"

"माहीत नाही, बुवा."

"मले तर कळून नाही राह्यलं. मले फक्त काथ कळून राह्यला."

डॉक्टरांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. बुवांना वार विचारला, महिना विचारला, वीसपासून उलटं मोजायला सांगितलं. बुवांनी मोजलं आणि शेवटी एकाच्या जागी लाभ म्हणाले. डॉक्टरांनी त्याचा अर्थ विचारून घेतला. मग त्यांना खिडकीशी नेऊन त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. दंडावरून हात फिरवला. त्या उन्हातही दंडावर काटा आला होता.

"रोज किती घेता?"

"तीन गुंजा सकाळी, तीन संध्याकाळी. तोलून."

डॉक्टर आमच्याकडे वळले. "एवढी अफू खाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. यांच्या पैशाएवढ्या झाल्या आहेत. हा माणूस अफू खाऊन भ्रमात नाही, याला अफू पुरत नाहीये." त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "हा म्हणतो घरात काथ मिसळतात. मिसळता का?"

विष्णू जमिनीकडे पाहत होता. बोलायला पाहिजे होतं ते मी. नोकरी, अब्रू, फौजदारी, काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"हाव," गंगा म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "मीच मिसळते. पाच महिने झाले. मामाजी येडे नाहीत. त्याईले पह्यल्या महिन्यातच कळलं होतं."

तेव्हा कुठं मला वाचा फुटली. तक्ता माझा आहे, अक्कलही माझी, असं मी सांगितलं आणि पाकिटातून कागद काढून टेबलावर ठेवला.

मला वाटलं, बुवा आता माझ्या अंगावर धावून येतील. ते खाली बसले. जमिनीवरच. कागद त्यांनी हातात घेतला, उलटा होता तो सुलटा केला. अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते.

"वाचा," ते मला म्हणाले.

मी वाचायला लागलो. अमुक तिथी, पावणेतीन गुंजा अफू, पाव गुंज काथ. अमुक तिथी, अडीच आणि अर्धी.

"हाव," ते म्हणाले. "तई मले दाणा लागला होता."

पुढची तिथी.

"हाव. तई मी गोळी तुमाले दाखवली."

पुढची.

"तई मी गुंजा बदलल्या. गुंजाइचा काही कसूर नव्हता." असं प्रत्येक ओळीला. एकही तिथी त्यांची चुकली नाही. शेवटची ओळ झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे हात शाबूत हाये माह्या."

डॉक्टरांनी अर्ज फाडला. विष्णूवर ते रागावले नाहीत. माझ्यावर रागावले, आणि चांगलेच. "मास्तर, माणसाला कमी अफू चालते. त्याच्या खऱ्याला खोटं म्हटलेलं चालत नाही. तुम्ही अजून थोडे दिवस असंच चालवलं असतं ना, तर हा माणूस खरोखरच वेडा झाला असता, आणि मग तुमचा अर्ज बरोबर ठरला असता." मग ते बुवांच्या शेजारी खाली बसले आणि त्यांना सरळ सांगितलं: पोटाला त्रास होतोय, कार्डावरचा माल कमी होईल, म्हणून कमी करायला पाहिजे. करायचं का, आणि कसं, ते तुम्ही सांगा.

बुवांनी विचार केला. "महिन्याले पाव गुंज. पंधरवड्याले नाही. अन् तोलंन मी."

"चालेल."

"अन् काथ नाही."

"काथ नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर बुवा सकाळी ओट्यावर गंगाला समोर बसवून गोळी तोलायचे. ती डबी उघडून धरे, ते गोळी उचलत. महिन्याच्या पहिल्या दिवशी ते स्वतः नखानं पाव गुंज खुडून काढत आणि तिला दाखवत. वाईट दिवस आले, पाय दुखले, चिडचिड झाली, पण बाजारातल्या दगडावर ते पुन्हा चढले नाहीत. विष्णूशी ते दोन महिने बोलले नाहीत. मग एक दिवस त्यालाच हाक मारून म्हणाले, "बे विष्ण्या, गोऱ्ह्याले पाणी दाखवलं काय?" आणि ते प्रकरण तिथं मिटलं. दोन वेळच्या तीन-तीन गुंजांवरून ते एकेकीवर आले आणि तिथंच अडले. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, या वयात एवढी पुरे.

डॉक्टरांनी त्यांना दर बाजारच्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं होतं. "झोप कशी लागते, मनात काय येतं, ते मला ऐकायचंय," असं उघड सांगून. बुवा जात आणि येताना कुरकुरत येत. "निस्ता इचारते. औषध देत नाही, सुई देत नाही. अर्धा अर्धा घंटा इचारते. काय पाह्यजे असंल त्याले?" पण एकही बाजार त्यांनी चुकवला नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मनाची अशी विचारपूस कुणी केलेली मी तोवर पाहिली नव्हती.

माझ्याशी ते बोलत. पूर्वीसारखंच. पोरं मोजून सांगत. मला वाटायला लागलं होतं की झालं गेलं गंगेला मिळालं. मग एकदा सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, साहेबाले लिहिलेला तो अर्ज, टपालात टाकला होता ना तुमी?"

मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागले.

पुढच्या वर्षी माझी दुसरबीडच्या शाळेवर बदली झाली. एसटी फाट्यावर थांबायची. बुवा काठी टेकत, विष्णूच्या खांद्यावर हात ठेवून तिथपर्यंत आले. गंगानं माझ्यासाठी दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या त्यांनी स्वतः माझ्या हातात दिल्या. गाडीला वेळ होता म्हणून मी हॉटेलातून दोन कप चहा आणला आणि एक त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी कपाला हात लावला नाही. थोडा वेळ चहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप बोटानं माझ्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता.

"आधी तुमी घ्या, मास्तर."

विष्णू चटकन म्हणाला, "बाबा, काय हे..." मी त्याला हातानं थांबवलं. कप उचलून अर्धा चहा प्यालो आणि खाली ठेवला. बुवा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. चांगले बघत बसले, घाई न करता. मग त्यांनी तोच कप उचलला आणि माझा उष्टा उरलेला चहा हळूहळू पिऊन संपवला.

"बरा हाये चहा," ते म्हणाले.